आजोबांचं इंजिन नक्की कोणतं?

तर झालं असं की गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या दादाचा मेसेज आला. दादा म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा, मेरीलँडमध्ये असतो. मेसेज एका ओळीचा : "आजोबांच्या इंजिनाचा नंबर काय होता रे?"

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की आमचे आजोबा बल्लारशाला रेल्वेत ड्रायव्हर होते. १९५० मध्ये क्लीनर म्हणून लागले आणि १९८९ मध्ये मेल ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मग चंद्रपूरला त्यांनी एक बैठं घर बांधलं. ते घर आता पाडायचं ठरलंय, तिथे चार मजली इमारत होणार, त्यात एक फ्लॅट आपला. आजोबांच्या नावाची फाटकावरची पाटी उतरवावी लागणार, म्हणून दादाच्या मनात आलं की नव्या दारावर पितळेची ओतीव पाटी लावायची, इंजिनावर असते तशी. वर आजोबांचं नाव, खाली त्यांच्या इंजिनाचा नंबर. तिकडे एक कारागीर त्याने शोधूनही ठेवलाय. फक्त नंबर हवा.

हे सुचण्याचं कारणही त्याने लगेच कळवलं. तो मुलांना घेऊन बाल्टिमोरच्या रेल्वे म्युझियममध्ये गेला होता. तिथे 'प्रेसिडेंट वॉशिंग्टन' नावाचं, ५३०० नंबरचं वाफेचं इंजिन उभं आहे. सोबत फोटो होता, इंजिनापुढे पुतण्या उभा, आणि खाली दादाची ओळ, "हे आपल्या डब्ल्यूपीसारखंच दिसतंय ना?"

दिसायला ते तितकंसं सारखं नाही, पण दादा म्हणतो त्यात तथ्य आहे. ते जरा तपशिलात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघाला.

डब्ल्यूपी म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या लाईनवरचं पॅसेंजर गाड्यांचं इंजिन. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर. तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांनी ते नक्की पाहिलेलं आहे. बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक, त्याच्या मधोमध हेडलाईट आणि भोवती रंगवलेली चांदणी. लहानपणी चित्रकलेच्या वहीत आपण आगगाडी काढायचो, तिचं इंजिन बहुधा हेच असायचं.

या इंजिनाच्या मुळाशी एक अपघात आहे. १९२० च्या दशकात इंग्रजांनी हिंदुस्थानसाठी एक्सए, एक्सबी, एक्ससी अशी इंजिनं काढली. ती वेगात गेली की नागमोडी हलायची आणि रूळ वाकडे करायची. १७ जुलै १९३७ ला बिहारमधल्या बिहटाजवळ एक्सबी इंजिनाची एक्सप्रेस घसरली, शंभराहून अधिक माणसं गेली. चौकशी झाली, मग खास समिती बसली, आणि हे इंजिन फिरून नव्याने विचार करून करायला हवं असं ठरलं. मधे महायुद्ध आलं. शेवटी रेल्वे बोर्डाने नवं डिझाईन अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीकडे दिलं आणि १९४७ मध्ये पहिली १६ इंजिनं आली. इंग्रजी पद्धतीच्या पत्र्याच्या सांगाड्याऐवजी अमेरिकन पद्धतीचा जाड लोखंडी बारचा सांगाडा, आणि आपल्याकडचा राखेने भरलेला कोळसा जळावा म्हणून भलीमोठी शेगडी. ही शेगडी ४६ चौरस फुटांची होती. आमच्या बल्लारशाच्या क्वार्टरमधली न्हाणी याहून लहान होती!

पुढे ही इंजिनं अमेरिकेतून आली, कॅनडातून आली, पोलंड आणि ऑस्ट्रियातूनही आली, आणि १९६३ ते १९६७ मध्ये आपल्या चित्तरंजनला २५९ बनली. सगळी मिळून ७५५. नंबर ७००० पासून पुढे.

आता बाल्टिमोरचं ते इंजिन. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १९२७ मध्ये बाल्डविनकडूनच वीस इंजिनं करून घेतली आणि त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं दिली. वर्गाचं नाव पी-७. चाकांची मांडणी डब्ल्यूपीसारखीच : पुढे चार लहान, मधे सहा मोठी, मागे दोन. म्हणजे कारखाना तोच, मांडणी तीच, फक्त वीस वर्षं थोरलं. दादाला मी लिहिलं की तू डब्ल्यूपीच्या थोरल्या चुलतभावापुढे उभा आहेस. तो खूश झाला.

पण या वर्गाची खरी मजा पुढेच आहे. १९४६ मध्ये त्या रेल्वेने यातली चार इंजिनं, ५३०१ ते ५३०४, आपल्याच कारखान्यात उघडून नव्याने बांधली. वर निळं गुळगुळीत कवच चढवलं आणि जानेवारी १९४७ पासून बाल्टिमोर ते सिनसिनाटी अशी नवी गाडी त्यांच्यावर सुरू केली. त्या गाडीचं नि कवचाचं डिझाईन ऑलिव्ह डेनिस नावाच्या एका बाईंनी केलं होतं. त्या काळात रेल्वेत इंजिनियर असलेल्या बाई! (आपल्याकडे त्या वर्षी बाईने रेल्वेच्या शेडमध्ये पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) जुनी वीस वर्षांची इंजिनं नवं रूप घेऊन धावायला लागली त्याच वर्षी नवी डब्ल्यूपी बोटीतून इकडे उतरत होती. दोन्हीकडे वाफेचे दिवस भरत आले होते, पण हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. बाल्डविनने १९५६ मध्ये इंजिनं बनवणंच थांबवलं. तिने सुरू केलेलं मॉडेल चित्तरंजनला त्यानंतर अकरा वर्षं बनत होतं.

असो. नंबराकडे येतो.

मी आधी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "एकच इंजिन कुठे असायचं? शेडमधून जे निघेल ते घ्यायचं." आत्याला फोन केला. ती ठामपणे म्हणाली, "होतं की, त्यांचं एक लाडकं होतं. नंबर नाही माहीत, पण होतं." मग आठवलं की आजोबांच्या डायऱ्या आहेत.

डायऱ्या म्हणजे काही मनोगत वगैरे नव्हे. खिशात मावतील अशा लहान वह्या. रनिंग स्टाफला किती किलोमीटर गाडी चालवली त्यावर भत्ता मिळतो, त्याला सगळे 'मायलेज' म्हणत. पगाराच्या वेळी हिशेब जुळवायला आजोबा प्रत्येक फेरी लिहून ठेवायचे : तारीख, गाडी, इंजिनाचा नंबर, ड्युटीवर कधी चढलो, कधी उतरलो, सोबत फायरमन कोण. सहा वह्या शिल्लक आहेत, १९६१ ते १९७४ मधल्या, मधल्या काही वर्षांच्या नाहीत. दोन वह्यांना वाळवीने कडेने कुरतडलंय. मी आठ दिवस रोज रात्री बसून सगळ्या वाचल्या आणि सात हजारांच्या मालिकेतले नंबर वेगळे काढले.

एक्केचाळीस निघाले. मालगाड्यांची इंजिनं सोडून.

त्यातला एक नंबर त्रेसष्ट वेळा येतो, इतर कुठलाच तीसच्या वर जात नाही. आत्याचं म्हणणं खरं निघालं म्हणायचं. मी दादाला तो नंबर कळवणारच होतो, तेवढ्यात १९६८ च्या वहीत आजोबांची एक नोंद दिसली. एरवी फक्त आकडे लिहिणाऱ्या माणसाने त्या नंबरापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं : "शॉपवरून आली. बायलर दुसरा. वाफ धरत नाही." आणि पुढे चार महिन्यांनी, "टेंडरही बदलून आलं. नंबर तोच, इंजिन दुसरं."

इथे मी अडकलो.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाफेचं इंजिन ठराविक काळाने मोठ्या वर्कशॉपमध्ये जायचं आणि तिथे अक्षरशः मोकळं केलं जायचं. चाकं एकीकडे, सांगाडा एकीकडे, बायलर एकीकडे. सांगाड्याचं काम लवकर उरकतं, बायलरचं वेळ खातं. नळ्या बदलायच्या, पत्रे तपासायचे, दाबाची चाचणी घ्यायची. इंजिन तेवढा वेळ अडकून राहू नये म्हणून वर्कशॉपमध्ये तयार बायलर शिलकीत ठेवलेले असत. जो बायलर तयार तो पुढच्या सांगाड्यावर चढायचा. त्याचा मूळचा बायलर दुरुस्त होऊन तिसऱ्याच इंजिनावर जायचा. टेंडरचं तसंच. वीस-पंचवीस वर्षांत अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की बाहेर पडणाऱ्या इंजिनात मूळचं काय उरलं असेल? कॅबवर रंगवलेला नंबर, आणि फार तर सांगाडा.

बाल्टिमोरवाल्यांनी निदान निळं कवच चढवून सांगितलं तरी की आम्ही हे नवीन केलंय. आपल्याकडे रोजच्या रोज, गाजावाजा न करता, सगळीच इंजिनं अशी पुन्हा पुन्हा बांधली जात होती.

हे मी दादाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "अरे पण नंबर तोच ना? मग झालं." एका अर्थी बरोबर आहे. माणसाचंही सगळं बदलतं, नाव तेच राहतं. पण आजोबांनीच लिहून ठेवलंय की ते इंजिन दुसरं. त्रेसष्ट फेऱ्यांपैकी अडतीस त्या नोंदीच्या आधीच्या, पंचवीस नंतरच्या. पाटीवर तो नंबर ओतायचा तर कुठल्या इंजिनाचा ओतायचा? तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला. खरं सांगायचं तर मलाही आधी तसंच वाटलं. पण पितळेवर ओतलेला आकडा पुढची पन्नास वर्षं दारावर राहील, पुतण्याची मुलं तो बघतील, आणि त्यांना आजोबांबद्दल बहुधा तेवढंच कळणार.

शेवटी आजीकडे गेलो.

आजी आता अठ्ठ्याऐंशीची. ऐकू कमी येतं, पण विचारलेलं नीट पोचलं की उत्तर लखलखीत. मी विचारलं, आजोबांचं आवडतं इंजिन कोणतं? ती म्हणाली, "डिझेल."

मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. "डिझेलच म्हनलं ना बापा. काहून, तुले का वाटलं?"

मग तिने सांगितलं ते असं. डिझेलचं ट्रेनिंग घेऊन आजोबा पहिल्या ड्युटीवरून घरी आले तेव्हा अंगातला शर्ट पांढरा होता. म्हणजे जाताना जसा होता तसा. लग्न १९५५ सालचं, तेव्हापासून तिने तो शर्ट कधी पांढरा परत आलेला पाहिला नव्हता. कोळशाची काजळी आणि तेल, घामाने कातडीत मुरलेलं. डबल्यूपीवरून आलेले कपडे ती सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, आणि तरी पाणी दोनदा काळं निघायचं. "त्या दिवशी शर्ट तसाच खुंटीले लटकवला," ती म्हणाली, "धुतलाच नाही. पाहत बसली मी."

या गोष्टीनंतर मी जरा वेळ गप्पच होतो. आमच्या घरातलं वाफेच्या इंजिनाचं वेड हे माझ्या नि दादाच्या पिढीचं आहे. आम्ही ते फलाटावरून पाहिलं. शिट्टी ऐकली, ती चांदणी पाहिली, आणि उन्हाळ्याच्या सुटीत फूटप्लेटवर एकदाच चढायला मिळालं ते जन्मभर पुरलं. आजोबा तिथे आठ-दहा तास असायचे, आणि त्यातली पहिली कित्येक वर्षं हातात फावडं घेऊन.

कारण क्लीनरपासून थेट ड्रायव्हर होत नसत. क्लीनर, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, मग मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल. आजोबांची अकरा वर्षं फायरमनकीत गेली. डब्ल्यूपीवर ड्रायव्हरसोबत दोन फायरमन असत. कोळसा हाताने मारायचा, यंत्र नाही. न्हाणीहून मोठ्या त्या शेगडीत नुसता लोटून चालत नाही. मागचे कोपरे आधी, मग कडा, मधे पातळ थर, आणि प्रत्येक फावड्याला दार उघडायचं नि लगेच बंद करायचं, नाहीतर गार हवा शिरून वाफ पडते. इकडे गाडी शंभराच्या वेगाला टेकलेली, पायाखालची लोखंडी पट्टी इंजिन आणि टेंडरच्या मधे सरकतेय. बाहेर चंद्रपूरचा मे महिना, म्हणजे पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्री. तुमच्यापैकी जे कधी मे महिन्यात इकडे आलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि कोळसा आमचाच. वर्धा खोऱ्याचा. वरोऱ्याची खाण आणि तिच्यासाठी वर्ध्याहून टाकलेला रेल्वेचा फाटा, दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या सत्तरच्या दशकातले. म्हणजे या जिल्ह्यात रेल्वे माणसांसाठी नव्हे, कोळशासाठी आली. नंतर बल्लारपूर, माजरी, घुग्घुस. या कोळशात राख फार. आजोबा म्हणायचे, "आपल्या कोळशात आग कमी अन् माती जास्त गा." अमेरिकन कारखान्यात ती शेगडी एवढी मोठी करावी लागली त्याचं कारण असलाच कोळसा. ड्युटी संपली की राखेच्या खड्ड्यावर इंजिन उभं करून ती सगळी माती ओढून काढायची.

पूर्वी बल्लारशा हे टोक होतं. काझीपेठ ते बल्लारशा हा निजामाच्या रेल्वेचा तुकडा १९२०च्या दशकाच्या अखेरीस जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास सरळ वाट झाली. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस १९२९ मध्ये सुरू झाली ती त्यामुळेच. १९५१ मध्ये जीआयपी आणि निजामाची रेल्वे दोन्ही मध्य रेल्वेत आल्या, आणि १९६६ मध्ये काझीपेठची बाजू नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेली. म्हणून बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीत अर्धी घरं तेलुगू, अर्धी मराठी-हिंदी. आजी आजही पेसरट्टू करते आणि त्याला मुगाचं धिरडं म्हणते. :-)

आजोबा मूळचे मात्र रेल्वेच्या या बाजूचे नव्हेत. त्यांचं गाव सिंदेवाहीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं, आणि तिथे 'छोटी लाईन' होती. बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज : चांदा फोर्टहून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा करत गोंदियाला. नागभीडहून एक फाटा नागपूरला. आजोबांनी पहिलं इंजिन पाहिलं ते याच लाईनवर. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची सीसी वर्गाची इंजिनं या जाळ्यावर होती, आणि गंमत अशी की चाकांची मांडणी तीच, चार-सहा-दोन. वॉशिंग्टन, डब्ल्यूपी आणि ही बुटकी सीसी, तिघं एका पंगतीतली. नागपूरला मोतीबागेत २००२ मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं, तिथे मी आजोबांना घेऊन गेलो होतो. एका छोट्या इंजिनाच्या चाकाला हात लावून ते म्हणाले, "हे लहान होतं का मी मोठा झालो?" दोन वर्षांनी, २००४ मध्ये ते गेले.

त्या छोट्या लाईनवरून सागवान जायचं, बांबू जायचा, धान जायचं, आणि जंगलातली माणसं बाजाराला यायची. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्या एवढ्या थोरल्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेलं रेल्वेस्टेशन एकच, वडसा. आलापल्ली, भामरागड, सिरोंचाच्या माणसाला रेल्वे बघायला दिवसभराचा प्रवास. वडसा मराठी माणसाला ठाऊक असलं तर झाडीपट्टीच्या नाटकांमुळे. मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक बघून लोक पहाटेच्या गाडीत झोपलेले असायचे, गार्डला उठवून उतरवावं लागायचं, असं आजोबा सांगायचे. ती गोंदिया-चांदा फोर्ट लाईन नव्वदच्या दशकात मोठी झाली. नागपूर-नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद केली. ती बंद झाली तेव्हा फोटो काढायला नागपूरहून गर्दी लोटली होती. मला विचाराल तर मोठी लाईन हवीच होती. गडचिरोलीच्या माणसाने आमच्या फोटोंसाठी तासाला पंचवीस किलोमीटरने का जावं?

विषयांतर झालं. पण अगदीच झालं नाही, कारण आजीने पुढे जे सांगितलं ते याला लागूनच आहे.

ती म्हणाली की तिला वाफेच्या इंजिनाचं एकच लक्षात आहे, कॉलमन. ड्युटीच्या आधी शेडमधला माणूस कंदील आणि वही घेऊन क्वार्टरला यायचा, दार वाजवायचा, वहीत सही घ्यायचा. रात्री एकला, पहाटे तीनला, केव्हाही. पहिल्या थापेला ती उठायची, स्टोव्ह पेटवायची. आजोबा उठेपर्यंत भाकरी तव्यावर. डबा तिघांना पुरेल एवढा. "तिघांना का?" मी विचारलं.

"मंग फायरमन उपाशी राह्यल का?"

तेव्हाचे फायरमन बहुतेक कोवळी पोरं. दोघं-तिघं तिला नावानिशी आठवतात. एक वरंगलकडचा, त्याला ज्वारीची भाकरी गिळायची नाही म्हणून त्याच्यासाठी भात. दुसरा मुलचेऱ्याकडचा, माडिया घरातला, घरापासून इतक्या दूर पहिल्यांदाच आलेला, पहिले सहा महिने जेमतेम बोलायचा. त्यालाच एकदा इंजेक्टर चालेना तेव्हा बायलरचं पाणी खाली जाताना दिसलं, काचेच्या नळीत. पाणी फार खाली गेलं तर शेगडीचं छत उघडं पडतं आणि मग काय होतं ते रेल्वेवाल्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. त्याने आजोबांचा दंड धरून नळी दाखवली. दुसरा इंजेक्टर लागला, पाणी चढलं, गाडी माणिकगढला पोचली. आजोबांनी घरी येऊन हे सांगितलं नाही. तीन वर्षांनी त्या मुलाच्या लग्नाला जाताना सांगितलं, बसमध्ये.

"आमाले तवा समजलं," आजी म्हणाली. "मी बसमधीच रडली."

मी घरी येऊन पुन्हा वह्या उघडल्या. त्या फेरीची तारीख आजीला नक्की आठवत नाही, पण तो फायरमन आणि माणिकगढ एकत्र येतात अशी एक ओळ सापडली. १९६९. आजोबांनी तारीख, गाडी, नंबर, वेळा लिहिल्यात, नेहमीसारख्या. फक्त फायरमनच्या नावाखाली रेघ ओढलीय. दोनदा. इंजिन त्रेसष्टवालं नाही. ते आख्ख्या वह्यांत एकदाच येतं.

दादाशी मग व्हिडिओ कॉल झाला, आजी समोर बसलेली. त्याने तिला पाटीचं चित्र दाखवलं. छान काढलं होतं, पी-७ वरच्या पाटीसारखी अक्षरं, वर आजोबांचं नाव, खाली नंबराची जागा रिकामी. आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "अन् फायरमनचं नाव कुठी लिवतं?"

दादा हसला. म्हणाला, आजी, ही आजोबांची पाटी आहे.

"तुया आजोबाबी अकरा वर्स फायरमनच होता ना रे. तवा कोनी लिवलं होतं त्याचं नाव?"

त्यावर कुणीच काही बोललं नाही. दादाच्या मागे त्याचा मुलगा तेवढा विचारत होता की फायरमन म्हणजे आग विझवणारा का. त्याला मी सांगितलं, नाही रे, आग लावणारा. तो फार खूश झाला. बाल्टिमोरला त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं म्हणे.

तर गेल्या रविवारी मी सगळी यादी टाईप करून दादाला पाठवली. एक्केचाळीस नंबर, क्रमाने. त्रेसष्टवाल्यापुढे "१९६८ पर्यंत" आणि "१९६८ नंतर" असं दोनदा. पुढच्या रकान्यात प्रत्येक फेरीचे फायरमन, जेवढी नावं वाचता आली तेवढी. वाळवीने खाल्लेल्या जागी रिकामी चौकट. एकूण सव्वीस जण. बाबा त्यातल्या दोघांच्या मुलांचे फोन नंबर मिळवतायत. मुलचेऱ्याकडच्या त्या आजोबांची नात वडशाला शिक्षिका आहे असं कळलंय, पुढच्या आठवड्यात बाबा आणि मी जाऊन येणार आहोत. आजी म्हणते तिलाही यायचंय. मोठ्या लाईनवरची गाडी आहे, तासा-दोन तासांत पोचू.

दादाचं उत्तर काल रात्री आलं. कारागिराला विचारलंय म्हणाला. पाटी दीडपट मोठी करावी लागेल, आणि दाराऐवजी भिंतीत बसवावी लागेल. बिल्डरला आत्ताच सांगून ठेव.